सांतोरिनी आणि आपला गड

हल्ली ज्याच्या त्याच्या फोटोंत सांतोरिनी असतं. ग्रीसमधलं ते बेट, समुद्रावर तुटलेल्या कड्याच्या अगदी काठावर वसलेली पांढऱ्या घरांची गावं, निळे घुमट. सुंदर आहेच, वाद नाही. पण ते फोटो बघताना मला दरवेळी आपला वणीचा सप्तशृंगगड आठवतो. हसू नका! जन्मभर मास्तरकी केली, तुलना केल्याशिवाय चैन पडत नाही.

सांतोरिनी ज्वालामुखीतून घडलं. गडाचा काळा पाषाणही लाव्ह्याचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तिथे जुन्या बंदरापासून फिरा गावापर्यंत पाचशेहून अधिक पायऱ्या, नाहीतर गाढव, नाहीतर केबल कार. इथे गावापासून देवळापर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या, अठराव्या शतकात उमाबाई दाभाड्यांनी बांधून घेतलेल्या, आणि २०१८ पासून ट्रॉली.

फरक एवढाच, की तिथे लोक कडा बघायला जातात. आपण मात्र नांदुरीहून दहा किलोमीटरचा घाट गाडीने चढतो, दर्शन घेतो, पेढे घेतो आणि परत. वर एक नांदतं गाव आहे, शिवालय तीर्थ आहे, सरळ खाली तुटलेला शीतकडा आहे, हे किती जणांच्या लक्षात राहतं? समोरच्या मार्कंडेय डोंगरावरून ऋषींचं स्तवन ऐकण्यासाठी देवीने मान किंचित कलती केली, अशी कथा आहे. म्हणजे कथेतसुद्धा देवी समोरचा डोंगर विसरत नाही. आपण विसरतो.

अठरा हातांची, सुमारे आठ फूट उंचीची ही मूर्ती कुठून आणून बसवलेली नाही, कड्याच्याच पाषाणात कोरलेली आहे. २०२२ मध्ये शेंदराचे थर काढल्यावर तिचं मूळ रूप दिसलं, तेव्हा हे सगळ्यांना नव्याने जाणवलं. मग कडा हाच गाभारा नाही का? या कड्यावरून दगड सुटतात, म्हणून लोखंडी जाळ्या लावाव्या लागल्या. त्याच्या पायथ्याशी वाहनांची आणि बांधकामांची किती दाटी होऊ द्यायची, हा प्रश्न मला भक्तीचाच वाटतो.

सांतोरिनीने २०२५ पासून क्रूझ जहाजांनी येणाऱ्यांवर दिवसाला ८,००० ची मर्यादा घातली. आपल्याला तर नवं काही शोधायलाही नको. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि एस.टी. भाविकांना वर नेते. हीच सोय निदान शनिवार-रविवारी बारा महिने का नसावी?

गडावरच्या दुकानदारांचं पोट बुडेल, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. एस.टी.ने आलेला माणूसही नारळ घेतोच, जेवतोही. उलट परतीची बस येईपर्यंत थोडा जास्त थांबतो. म्हाताऱ्यांसाठी ट्रॉली आहेच. माझे गुडघेही आता तिच्याच भरवशावर!

खानदेशातून चैत्रात उन्हातान्हात पायी येणाऱ्यांना हा डोंगर कितीतरी कोसांवरून खुणावतो. त्यांना तो बघा म्हणून सांगावं लागत नाही. आपण नाशिककर साठ-पासष्ट किलोमीटरवर राहतो. पुढच्या खेपेला दर्शन झाल्यावर अर्धा तास काढा आणि मार्कंडेयाकडे तोंड करून नुसते बसा.

आणि गाड्यांबद्दल तुमचं मत काय, तेही जरूर कळवा.