शाल नको, फी भरा

मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन बंद करण्याचा आदेश केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. याच संस्थेची बेगम हजरत महल शिष्यवृत्ती अकरावी-बारावीच्या मुलींना वर्षाला ६००० रुपये देत असे. आपण निषेध केला, बरोबरच केलं. पण आपल्या जकातीचं काय? ती रमजानमध्येच वाटून संपते आणि कॉलेजची फी जून-जुलैत भरायची असते. तेव्हा मुलगी दारात आली की कमिटीवाले म्हणतात, "बेटी, फंड तो खत्म हो गया." त्याच महिन्यात गुणगौरव समारंभ! मंडप, शाल, ट्रॉफी, आमदारांना हार. त्याला पैसा कुठून येतो, हे विचारणारा मी मात्र वाईट. सध्या रमजान बारावीच्या परीक्षेच्या सुमारास येतो. अर्ज तेव्हाच घ्या, रक्कम बाजूला ठेवा, जूनमध्ये मुलीच्या हाती द्या. फोटो न काढता.