पिशवीत बंद केलेला शिक्षक

अमेरिकेत मुलांकडे राहावयास आलेल्या आई-वडिलांसाठी आणि विवाहानंतर नव्याने येथे आलेल्या भगिनींसाठी आपली मंडळी रविवारचे इंग्रजी वर्ग चालवितात. या उपक्रमाविषयी आम्हांस आदर आहे. परंतु अशा वर्गांत पहिली सूचना बहुधा एकच असते : मोबाईल बंद करून पिशवीत ठेवा. नंतर फळ्यावर क्रियापदांची रूपे येतात, वह्या भरतात आणि दोन तासांनी मंडळी चहा घेऊन घरी जातात. आमचे स्पष्ट मत असे की, त्या खोलीतील सर्वांत उपयुक्त शिक्षक त्या दोन तासांत पिशवीत कोंडलेला असतो.

आपण इंग्रजी शिकलो ते डोळ्यांनी. महाराष्ट्रात २००० सालापर्यंत मराठी शाळांतून इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. गुरुजी धड्यातील वाक्य वाचीत आणि लगोलग त्याचा मराठी अर्थ सांगत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने वाक्यरचना पक्की केली, हे तिचे ऋण मान्यच आहे. पण पाठमालेला आवाज नव्हता. इंग्रजी सहज कानावर पडणे ही आपल्याकडे ठराविक घरांची मिरास होती. ज्या वस्त्यांतून आपण आलो, तेथे ती कोणाच्याच वाट्याला आली नाही. म्हणून पदवीधर माणूसदेखील येथे आल्यावर वर्तमानपत्र वाचू शकतो, पण दूरध्वनी उचलावयास कचरतो. ही बुद्धीची उणीव नव्हे. कानाला शाळाच मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मराठीत आपण जे लिहितो ते बहुतांशी उच्चारतो. इंग्रजीत ज्या अवयवावर आघात नाही त्याचा स्वर विरून जातो. त्यातून अमेरिकन बोली. येथे ‘वॉटर’चे ‘वॉडर’ होते आणि ‘डिड यू’चे ‘डिजू’. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांचेच पाहा. भराभर बोलताना होकारार्थी ‘कॅन’चा नुसता ‘कन्’ उरतो, आणि नकारार्थी शब्द ‘कॅन्ट’ असा ठसठशीत येतो, पण त्यातला शेवटचा ‘ट’ गिळला जातो. आपल्या कानाला स्पष्ट ‘कॅन’ ऐकू येते आणि आपण मान डोलावतो. सांगणाऱ्याने मात्र हे औषध दुधाबरोबर घेता येणार नाही, असे बजावलेले असते. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतील फरकही मुख्यतः आघाताचा. पंधरा मिलिग्रॅम आणि पन्नास मिलिग्रॅम यांत किती अंतर आहे, हे वैद्यकीय व्यवसायातील आम्हां मंडळींना निराळे सांगावयास नको.

यावर घराघरांतून येणारे उत्तर ठरलेले : ‘नातू आहे ना सांगायला!’ दहा वर्षांच्या मुलाने आजीच्या रक्तस्रावाविषयी डॉक्टरांशी बोलावे, हे आम्हांस दोघांवरही अन्याय करणारे वाटते. अमेरिकेच्या आरोग्यसेवेतील २०१६ च्या नियमावलीने आणीबाणी वगळता अल्पवयीन मुलांवर दुभाषी म्हणून विसंबण्यास मनाई केली, ती उगाच नव्हे. रुग्णालयात प्रशिक्षित दुभाषी मागून घ्यावा. तो हक्क आहे, उपकार नाही. परंतु दुभाषी आपल्यासोबत घरी येत नाही. औषधाच्या दुकानातून आलेला निरोप, शाळेतील परिचारिकेचा फोन, ९११ वरील प्रश्न हे सारे ज्याचे त्यालाच ऐकून समजून घ्यावे लागते.

यंत्र भाषा शिकवू शकत नाही, असा आक्षेप घेणारे पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगाकडे बोट दाखवितील. नऊ महिन्यांची अमेरिकन बालके चिनी ध्वनी प्रत्यक्ष माणसाकडून शिकली, ध्वनिचित्रफितीवरून शिकली नाहीत. प्रयोग खराच आहे. पण आपली आजी नऊ महिन्यांची नाही! प्रौढांविषयी लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांचे १९९१ चे संशोधन पाहावे. ‘र’ आणि ‘ल’ यांत गोंधळणाऱ्या जपानी प्रौढांना अनेक निवेदकांच्या आवाजातील शब्द ध्वनिमुद्रणावरून ऐकविले, उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळविले, आणि काही आठवड्यांत त्यांचा कान सुधारला. वर्गातील एकट्या शिक्षकापाशी एकच आवाज असतो. मोबाईलमध्ये हवे तितके सापडतात. बांगलादेशात २००९ साली सुरू झालेल्या ‘बीबीसी जानाला’ने तर साध्या फोनवर ३००० हा क्रमांक फिरवून तीन मिनिटांचे इंग्रजी पाठ ऐकण्याची सोय केली. तेथील कष्टकऱ्यांना जे कमीपणाचे वाटले नाही, ते आपल्याला का वाटावे?

अर्थात मोबाईल जवळ असणे म्हणजे ऐकणे नव्हे. मालिका लावून खाली अक्षरे वाचीत बसणे हे पुन्हा डोळ्यांचेच काम झाले. भाषांतराचे ॲप प्रत्येक वाक्याला काढणे म्हणजे धडधाकट माणसाने कुबड्या वापरणे. एक-दोन मिनिटांचा तुकडा घ्यावा. प्रथम अक्षरांविना ऐकावा. न कळल्यास गती थोडी कमी करून पुन्हा ऐकावा. जे ऐकू आले ते मराठी लिपीत का होईना, लिहावे. आणि मगच अक्षरे उघडून ताडून पाहावे. रोज पंधरा मिनिटे पुरेत. फोनवर आलेले ध्वनिनिरोप पुसून न टाकता त्यांचाच पाठ करावा, कारण आपल्या जगण्यातले इंग्रजी तेच असते. डॉक्टर औषधाची सूचना देत असतील तर परवानगी विचारून ती मुद्रित करावी. आम्ही स्वतः रुग्णांना तसे सुचवितो आणि त्यांच्यासमोर सावकाश बोलतो.

साठीपुढील विद्यार्थ्यांची श्रवणचाचणी मात्र वर्गात बसविण्यापूर्वीच करून घ्यावी. वयोमानाने उच्च कंप्रतेचे ध्वनी आधी हरपतात, आणि ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने नेमकी तेथेच असतात. मराठीत राहिलेली जागा सवयीने भरून निघते, परभाषेत निघत नाही. आणि मग घरची मंडळी म्हणतात, बाबांना आता इंग्रजी जमायचे नाही. कानात ध्वनियंत्र घालून ऐकणाऱ्यांनी आवाज बेताचा ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. वर्गाच्या संयोजकांनी पुढच्या रविवारी फलकावरील सूचना बदलून ‘मोबाईल आणि कानातली यंत्रे सोबत आणावीत’ अशी लिहावी, आणि दोन तासांपैकी पहिला तास फळा कोरा ठेवावा.