अर्ध्या कोयत्याची किंमत

दसरा सरला की बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. भांडीकुंडी, सरपण, शेळी, लेकरे आणि माणसे एकाच ट्रॉलीत कोंबलेली असतात. वाटेत ट्रॉली उलटली की वृत्तपत्रांत दोन दिवस बातमी येते, शासन मदत जाहीर करते, पुढारी सांत्वनाला जाऊन येतात. त्यानंतर जे घडते ते बातमीत येत नाही. ते घडते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, आणि तेथे अगदी आरंभीच विचारला जाणारा प्रश्न असतो : मेलेल्या माणसाची मिळकत किती होती?

शासकीय मदत ही कृपा आहे. नुकसानभरपाई हा हक्क आहे. मदतीचा धनादेश घेतला म्हणून हा हक्क बुडत नाही, ही साधी गोष्टही अनेक कुटुंबांना कोणी सांगत नाही. चालकाची चूक सिद्ध न करता काही रक्कम मिळण्याची तरतूद या देशात 1982 साली आली. तेव्हा मृत्यूसाठी 15,000 रुपये ठरले होते. 1 एप्रिल 2022 पासून ही रक्कम 5 लाख आहे. वाहन पळून गेले व सापडलेच नाही तर वारसांना 2 लाख मिळतात. परंतु खरी, पुरती भरपाई हवी असेल तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली दावा करावा लागतो. तेथे निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि मग गणित सुरू होते.

हे गणित सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा व 2017 च्या प्रणय सेठी या निकालांत घालून दिले. पस्तीस वर्षांची, चार माणसे पोसणारी मजूर व्यक्ती दगावली असे समजा. तिची मिळकत महिना 10,000 धरली, तर भविष्यातील वाढीचे 40 टक्के मिळवून 14,000 होतात. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून 10,500 उरतात. वर्षाचे 1,26,000, आणि वयानुसारचा गुणक 16. एकूण 20,16,000. आता पुराव्याअभावी न्यायाधिकरणाने मिळकत 6,000 धरली तर तीच रक्कम 12,09,600 होते. माणूस तोच, अपघातही तोच; एका कागदाच्या अभावी कुटुंबाचे आठ लाख गेले. साहेबाजवळ वेतनपत्र असते. कोयत्याजवळ काय असते?

आणि स्त्रीच्या वाट्याला तर तेवढेही नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दिली जाते ती कोयत्याला, हिशेब होतो तो कोयत्याचा आणि मुकादमाच्या वहीत अंगठा असतो तो नवऱ्याचा. पहाटेपासून फडात मोळ्या बांधणारी, त्या डोक्यावर वाहून गाडी भरणारी बाई त्या वहीत कोठेही नाही. ती ट्रॉलीखाली सापडली की विमा कंपनीचा वकील तिला ‘गृहिणी’ म्हणून मोकळा होतो. 1994 च्या परिशिष्टात न कमावत्या व्यक्तीची वार्षिक मिळकत 15,000 धरली होती, आणि कमावत्या नवऱ्याच्या बायकोची त्याच्या मिळकतीच्या एक तृतीयांश! हे परिशिष्ट 2018 पर्यंत कायद्याच्या पुस्तकात जसेच्या तसे राहिले. गृहिणीच्या श्रमालाही मूल्य आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ठासून सांगितले, हे स्वागतार्हच आहे. परंतु ऊसतोडणी करणारी स्त्री घरही सांभाळते आणि मजुरीही करते. न्याय म्हणायचा तर दोन्हींची बेरीज व्हायला हवी. व्यवहारात अर्धा कोयता हिशेबातूनच गळतो.

याहून मोठा अडथळा विम्याचा आहे. ट्रक वा ट्रॉली हे मालवाहू वाहन. त्यातून फुकट नेल्या जाणाऱ्या प्रवाशांची जोखीम सक्तीच्या विम्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली ठरविले. दायित्व मग उरते एकट्या वाहनमालकावर, आणि त्याचा ट्रॅक्टर बहुधा बँकेकडे गहाण. काही प्रकरणांत न्यायालये कंपनीने आधी द्यावे व मालकाकडून वसूल करावे असे सांगतात. पण तो दरवेळी मिळेलच असा हक्क नव्हे. ट्रॉलीत बसलेले लोक ‘फुकटे प्रवासी’ असतात काय? त्यांना कामावर नेले जात असते, आणि ते पोहोचल्यावाचून कोणाचेही गाळप सुरू होत नाही. साखर कारखान्याचा एक पहारेकरी 2003 साली रात्रपाळीला जाताना मोटारसायकल अपघातात ठार झाला. तो कामावर होता की नव्हता, याचा वाद चालत राहिला. उच्च न्यायालयात कुटुंब हरले आणि 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई पुन्हा बहाल केली. बावीस वर्षे! कामावर जाण्याची वाट हाही कामाचा भाग ठरू शकतो, हे तत्त्व आता मान्य झाले आहे. टोळीच्या ट्रॉलीलाही ते लागू व्हावे, असा आग्रह कामगार संघटनांनी धरला पाहिजे.

मुदतीचा प्रश्न तर अजबच म्हणावा लागेल. 1994 साली संसदेने दाव्याची मुदत काढून टाकली होती. 2019 च्या दुरुस्तीने ती सहा महिन्यांची करून पुन्हा आणली व 2022 पासून ती अमलात आली. गळीत हंगाम साधारण पाच-सहा महिन्यांचा. हंगामाच्या तोंडी घरातला माणूस गेला, तर मागे राहिलेल्यांना उचल फेडण्यासाठी फडातच राहावे लागते. ते गावी परततात तेव्हा मुदत संपत आलेली असते. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि केवळ विलंबाच्या कारणाने अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये झाला. अंतरिम आदेशाच्या भरवशावर मात्र कोणी बसून राहू नये.

जखमींची कथा वेगळी. उजवा पंजा गेलेल्या मजुराला वैद्यकीय प्रमाणपत्र अमुक टक्के अपंगत्व देते व विमा कंपनी तेवढ्याच टक्क्यांवर तडजोड सुचवते. ही दिशाभूल आहे. हात गेलेला कारकून नोकरीत राहू शकतो, सुतार वा चालक राहू शकत नाही. म्हणून शरीराचे नव्हे तर कमाईचे नुकसान मोजावे, असे सर्वोच्च न्यायालयानेच 2010 साली सांगितले आहे. कोयता धरणाऱ्याचे नुकसान शंभर टक्के आहे.

रात्री बैलगाडीला मागून ट्रक धडकतो तेव्हा ट्रकच्या विम्यातून भरपाई मिळते. कंपनी गाडीला दिवा नव्हता असे म्हणून रक्कम कापू पाहते. यासाठी पंचनाम्यात गाडीच्या मागील तांबड्या पट्टीचा उल्लेख झाला की नाही, हे त्याच दिवशी पाहावे लागते.

कार्यकर्त्यांनी येथेच उभे राहायचे आहे. इस्पितळाच्या दारात वकिलाचे दलाल कार्यकर्त्यांच्या आधी पोहोचतात आणि मिळेल त्यातला हिस्सा लिहून घेतात. निकालावर हिस्सा ठरविणे वकिलाला व्यवसायाच्या नियमांनीच मना आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. दावा अपघातस्थळीच लावावा लागतो असेही नाही. बीडच्या विधवेला तो बीडमध्ये लावता येतो. प्रथम खबर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वाहनाचा क्रमांक व विमापत्राची प्रत पहिल्याच आठवड्यात हाती घ्यावी. उचलीची चिठ्ठी, मुकादमाच्या वहीचे छायाचित्र व टोळीतील दोघांचे जबाब मिळकतीसाठी जोडावेत.

आणि कारखान्यांकडे या हंगामापूर्वीच एक मागणी गेली पाहिजे : टोळीच्या नोंदवहीत प्रत्येक कोयत्यापुढे दोन नावे, दोन सह्या वा दोन अंगठे, आणि मजुरीचे दोन रकाने असावेत.