योग्य ती भाषा कोणती?

अपंगांना दिव्यांग म्हणण्याची रीत आता सरकारदरबारी रूढ झाली आहे. नाव बदलल्याने नशीब बदलते, यावर आमचा फारसा विश्वास नाही. तरीही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने नावापलीकडे जाऊन बरेच काही दिले, हे मान्य केलेच पाहिजे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते एकवीस झाले. ठरावीक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. याच कायद्याच्या सोळाव्या कलमात असेही म्हटले आहे की, अंध व बधिर मुलांना त्यांच्यासाठी सर्वांत योग्य अशा भाषांतून शिक्षण मिळेल, हे शाळांनी पाहावे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातून आलेले हे वचन आहे. दिल्लीत वा बंगळुरात ते वाचणाऱ्याला ‘भाषा’ म्हणजे ब्रेल किंवा खुणांची भाषा, एवढाच अर्थ दिसत असावा. बिदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण किंवा कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद येथल्या मराठी घरात मात्र त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ निघतो, आणि त्याची दखल कोणी घेतलेली नाही.

निजामी राजवट संपून १९५६ साली हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, त्याला सात दशके होत आली. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण सहा वर्षांचे मूल तोवर सहा वर्षांचे राहत नाही. धडधाकट मुलाचे एकवेळ निभावते. तो घरी मराठी, बाजारात कन्नड, शेजारी उर्दू किंवा तेलुगू ऐकतो आणि वर्षा-दोन वर्षांत चारही भाषांत भांडू लागतो. जन्मतः कमी ऐकणाऱ्या मुलाला ही चैन नाही. यंत्र कानाला लावून, आईच्या ओठांकडे टक लावून तो एकेक शब्द कमावतो. ते शब्द मराठी असतात. त्याला बोलायला शिकवणारा शिक्षक कन्नड शब्द घेऊन समोर बसला, तर कमावलेले निम्मे वाया जाते.

बौद्धिक अक्षमतेची गोष्ट याहून नाजूक आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी चाचण्या देऊन मतिमंद ठरवले गेले, आणि त्यावरून १९७० साली खटला झाला. पुढे १९७५ मध्ये त्या देशाने अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा मुलाची पारख त्याच्या मातृभाषेतच झाली पाहिजे, अशी अट घातली. आपण अमेरिकेकडून पुष्कळ निरुपयोगी गोष्टी उचलल्या. ही अट तेवढी राहून गेली. औरादच्या मुलाची पारख कोणत्या भाषेत होते, हे विचारण्याची सोय आमच्या कागदोपत्री व्यवस्थेत नाही.

इटलीचे उदाहरण आम्हांस अधिक जवळचे वाटते. १९७७ च्या कायद्याने त्या देशाने अपंगांचे वेगळे वर्ग मोडून टाकले, सर्व मुलांना एका वर्गात बसवले आणि साहाय्यक शिक्षक दिला. तेथेही एक सीमाप्रांत आहे, बोल्झानो. पहिल्या महायुद्धानंतर तो ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला. लोक बहुतांशी जर्मन बोलणारे. १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्यान्वये तेथे मुलाला मातृभाषेतून, आणि तीच मातृभाषा असलेल्या शिक्षकाकडून शिकण्याचा हक्क आहे. समावेशक शिक्षणाचा कायदा आला, तो या जर्मन शाळांतही लागू झाला. रोमने धोरण ठरवले, पण मुलाची भाषा हिरावली नाही.

आपल्याकडे या दोन हक्कांची गाठच पडत नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, हे घटनेचे ३५०-अ कलम १९५६ पासून सांगते. कर्नाटकात मराठी माध्यमाच्या शाळा आणि मराठी पाठ्यपुस्तके आहेतही. अपंग मुलांचे खाते निराळे. राज्य शासनाच्या अंध व कर्णबधिरांच्या निवासी शाळा कलबुर्गी शहरात आहेत. औरादहून तेथे मूल ठेवायचे म्हणजे ते घरापासून आणि घरच्या भाषेपासून एकदमच तोडायचे. विशेष शिक्षकांचे म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक शाळेत दहा अपंग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक असे प्रमाण ठरवून दिले. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला ही पदे निश्चित करा, असे राज्यांना पुन्हा बजावावे लागले. पदच नाही तेथे मराठी येणारा शिक्षक कोठून येणार?

गोमंतकीय वाचकाला बिदर दूरचे वाटेल. परंतु घरी कोकणी, चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी या वाटेने आपले कर्णबधिर मूल नेणाऱ्या आईबापांना विचारावे. त्यांना हे गाव ओळखीचे वाटेल.

काम अशक्यप्राय आहे, असेही नाही. अंध मुलांपुरते तर ते अर्धे झालेलेच आहे. १९५१ साली भारती ब्रेल स्वीकारले गेले, त्यात ध्वनी एक तर ठिपके एकच असे तत्त्व आहे. मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ बोटांना सारखाच लागतो. डोळसांना लिपीवरून भांडता येते, आंधळ्या पोराच्या बोटांना तो फरक कळतच नाही. मराठीत ब्रेल शिकलेले मूल पुढे कन्नड वाचू शकेल, आणि राज्याची भाषा त्याने शिकावीच.

कर्नाटकच्या या मागास भागासाठी २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने ३७१-ज हे कलम दिले, त्यातून कलबुर्गी येथे विकास मंडळ उभे राहिले. त्याच्या निधीतून या पाच-सहा तालुक्यांसाठी मराठी जाणणारे विशेष शिक्षक नेमण्यास हरकत कसली? महाराष्ट्राने ते प्रशिक्षित करून द्यावेत. भालकी, कमालनगर आणि उदगीर एकाच लोहमार्गावर आहेत. अपंगत्वाचा दाखला २०१६ च्याच कायद्याने देशभर ग्राह्य आहे. कागद सीमा ओलांडतो, तर उदगीरचा शिक्षक आठवड्यातून दोन दिवस कमालनगरला का येऊ नये? दोन्ही राज्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी निदान बिदरला एकत्र बसावे आणि या तालुक्यांतील मराठी घरांतली किती अपंग मुले आज कोणत्या शाळेत आहेत, व किती कोणत्याच शाळेत नाहीत, ही यादी आधी तयार करावी.