फुकट चॅनेलच्या डब्याची खरी किंमत



रमजान जवळ येऊ लागला की या सदराच्या टपालात एक प्रश्न हमखास असतो. टीव्ही चांगला चालतो, घरात वाय-फाय आहे आणि दादी-नानींना हरम शरीफची तरावीह मोठ्या पडद्यावर पाहायची आहे. मग टीव्हीला जोडायचा छोटा डबा कोणता घ्यावा? यंदा त्याला एक जोडप्रश्नही आला आहे. "बाजारात हजार-बाराशेला एक डबा मिळतो. दुकानदार म्हणतो, भाभी, एकदाच पैसे द्या, सगळे चॅनेल आणि सगळे सिनेमे कायमचे फुकट. घ्यावा का?"

या जोडप्रश्नाचे उत्तर एका शब्दात: नको. त्याची कारणे पुढे येतीलच, पण आधी मूळ प्रश्नाकडे वळू.

डबा लागतोच का?

टीव्हीच्या मागे किंवा बाजूला 'एचडीएमआय' असे लिहिलेले चपटे भोक आहे का, ते पाहा. असेल तर काम सोपे. टीव्ही स्मार्ट असेल आणि त्यावर यूट्यूब नीट चालत असेल, तर निव्वळ हरमचे थेट प्रक्षेपण पाहायला वेगळा डबा लागत नाही. मक्केचे अल-कुरआन अल-करीम आणि मदिनेचे अस-सुन्नह अन-नबविय्यह, या दोन्ही सौदी वाहिन्या यूट्यूबवर चोवीस तास दिसतात. सौदी घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. रमजानमध्ये तिथली इशाही थोडी उशिरा असते. त्यामुळे तिथली तरावीह आपल्याकडे रात्री अकराच्या सुमारास किंवा नंतर सुरू होते. आपली नमाज मशिदीत किंवा घरी आटोपून ती पाहता येते.

टीव्ही स्मार्ट असूनही चार-सहा वर्षांत त्यातली ॲप्स रखडू लागतात. पडदा उत्तम असतो, पण आतले डोके जुने झालेले असते. अशा वेळी वीस-पंचवीस हजारांचा नवा टीव्ही घेण्याऐवजी डबा घेणे शहाणपणाचे. घरात इंटरनेट नसेल आणि फक्त बातम्या व साधे चॅनेल हवे असतील, तर डीडी फ्री डिश आहेच. दूरदर्शनची ही सेवा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली. छत्री आणि डबा एकदा बसवला की महिन्याचे शुल्क नाही. सरकारी, कायदेशीर फुकट ते हेच.

स्टिक, डबा की कंपनीचा डबा?

पहिला प्रकार म्हणजे स्टिक. पेनड्राइव्हसारखी दिसते आणि थेट एचडीएमआयमध्ये बसते. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतात एप्रिल २०१७ मध्ये ३,९९९ रुपयांना आली, तेव्हापासून हा प्रकार घरोघरी पोहोचला. स्टिकचा वीजपुरवठा तिच्यासोबत आलेल्या ॲडॉप्टरवरूनच घ्यावा. टीव्हीच्या यूएसबीमध्ये वायर खोचली तर बऱ्याचदा वीज अपुरी पडते आणि स्टिक मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होते. लोक मग उगाच इंटरनेटला दोष देतात.

दुसरा प्रकार म्हणजे छोटा डबा. शाओमीचा मी बॉक्स ४के मे २०२० मध्ये ३,४९९ रुपयांना आला होता. डब्याला सहसा पेनड्राइव्ह लावायची जागा असते, काहींना इंटरनेटची वायर लावायचीही असते. ॲपलचा डबा उत्तम चालतो, पण त्याची किंमत दहा हजारांच्या पुढे जाते. घरात सगळे त्याच कंपनीचे फोन वापरत असतील तरच त्याचा विचार करावा.

तिसरा प्रकार म्हणजे इंटरनेट कंपनी कनेक्शनसोबत देते तो डबा. सोपा आणि स्वस्त. पण तो बहुधा त्याच कंपनीच्या कनेक्शनवर चालतो आणि कनेक्शन सोडले की परत करावा लागतो. भाड्याचे घर असेल, वर्षा-दोन वर्षांत जागा बदलायची असेल, तर हे ध्यानात ठेवा.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. रॅम २ जीबी आणि साठवण ८ जीबी असली तरी घरगुती वापर भागतो. टीव्ही साधा एचडी असेल तर ४के डब्याने चित्र सुधारत नाही. इंटरनेटही अफाट लागत नाही. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि ४के ला १५ एमबीपीएस वेग पुरतो. मात्र मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पाहणार असाल तर हिशेब करा. एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खाते, ४के तर ७ जीबीपर्यंत.

जुन्या नाशिकातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. चौक मंडई, कोकणीपुरा, दूध बाजार या भागांतली बरीच घरे अरुंद पण खोल, आणि भिंती जाड. राउटर पुढच्या खोलीत आणि टीव्ही मागच्या, असे असेल तर ५ गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल भिंतीतच अडतो. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल हळू असला तरी लांब जातो. म्हणून दोन्ही पकडणारा, म्हणजे 'ड्युअल बँड' डबा घ्यावा. जमल्यास राउटरपासून डब्यापर्यंत वायर ओढावी, मग कटकटच नाही.

फुकट डब्यात काय असते?

आता त्या हजार-बाराशेच्या डब्याकडे येऊ. नामवंत कंपनीचा डबा तीन-चार हजारांना आणि हा त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात, वर हजारो चॅनेल फुकट. मग बनवणाऱ्याला पैसे मिळतात कुठून?

सप्टेंबर २०२४ मध्ये डॉक्टर वेब या रशियन अँटीव्हायरस कंपनीने जाहीर केले की १९७ देशांतल्या सुमारे १३ लाख अँड्रॉइड टीव्ही डब्यांत एक घुसखोर प्रोग्राम सापडला आहे. त्याच वर्षी डिसेंबरात जर्मनीच्या सरकारी सायबर सुरक्षा खात्याने ३०,००० उपकरणांचा असाच छुपा संपर्क तोडला. त्या उपकरणांत घुसखोर प्रोग्राम विक्रीच्या आधीपासूनच भरलेला होता. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशा डब्यांबद्दल लोकांना सावध केले, आणि जुलैमध्ये गुगलने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा दाखल केला. या 'बॅडबॉक्स २.०' जाळ्यात एक कोटीहून अधिक उपकरणे अडकल्याचे गुगलचे म्हणणे आहे.

हे प्रोग्राम करतात काय? लपून जाहिरातींवर खोटे क्लिक करतात आणि मालकाच्या नकळत नवी ॲप्स उतरवतात. पण सर्वांत वाईट काम वेगळेच आहे. ते तुमच्या घरचे इंटरनेट अनोळखी लोकांना भाड्याने देतात. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला एखादा ठग कुणाचे खाते फोडतो किंवा घाणेरडा मजकूर पाठवतो, तेव्हा त्याचा माग त्याच्या घरी जात नाही, तुमच्या घरी येतो. कनेक्शन अब्बांच्या नावावर असते, आधारकार्ड त्यांचे लावलेले असते. पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जाणार. ते निर्दोष आहेत हे शेवटी सिद्ध होईलही, पण त्या मधल्या दिवसांत घरावर काय गुजरते हे आपल्या वस्तीत कुणाला समजावून सांगायला नको. ही त्या फुकट डब्याची खरी किंमत.

नामवंत कंपन्यांचे डबे बिघडत नाहीत असे नाही. मार्च २०२५ मध्ये गुगलचे जुने क्रोमकास्ट एका प्रमाणपत्राची मुदत संपल्याने जगभर एकदम अडले होते. पण कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. फरक इथेच आहे. नाव असलेल्याला जाब विचारता येतो, बिननावाच्या डब्याबद्दल कुणाला विचारणार?

दुसऱ्याच्या मेहनतीचे काय?

"सिनेमावाल्यांकडे भरपूर पैसा आहे, आपण दोन पाहिले तर काय बिघडले?" असेही काही जण म्हणतात. आपल्याच जिल्ह्यातले मालेगाव आठवून पाहा. शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांनी तुटपुंज्या पैशांत २००० साली 'मालेगाव के शोले' बनवला. त्या मित्रांच्या धडपडीवर रीमा कागती यांनी केलेला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' फेब्रुवारी २०२५ मध्ये थिएटरात आला. पडद्यामागे शिंपी असतात, लाइटवाले असतात, चहा देणारा पोरगाही असतो. त्यांच्या मजुरीचा हिशेब तिकिटातून आणि वर्गणीतूनच निघतो.

दीनच्या बाजूनेही हा प्रश्न नवा नाही. लेखक-प्रकाशकांच्या हक्काबाबत आपल्या उपखंडातल्या आधीच्या काही उलेमांचे मत वेगळे होते. मात्र आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत ठराव केला की लेखन आणि शोध यांवरचे हक्क शरीअतनुसार संरक्षित आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नाही. ज्या डब्यावर आपण तिलावत ऐकणार, तो तरी हलाल कमाईचा आणि हलाल मार्गाने आलेला असावा, एवढे आपल्या हातात आहे.

मुलांसाठी कुलूप

काही घरांत टीव्हीच नाही. तो त्यांचा विचारपूर्वक निर्णय आहे आणि त्याचा आदरच वाटतो. ज्यांच्याकडे आहे त्यांना एवढेच सांगणे की हॉलमधला सगळ्यांसमोरचा पडदा हा प्रत्येकाच्या हातातल्या फोनपेक्षा बरा. पण त्याला कुलूप हवे.

२०२१ च्या सरकारी नियमांनुसार ओटीटी कंपन्यांनी प्रत्येक कार्यक्रमावर वयाची खूण दाखवावी लागते. यू, मग यूए ७+, १३+ आणि १६+, शेवटी ए. १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना पालकांनी कुलूप लावण्याची सोयही द्यावी लागते. चांगल्या डब्यात मुलांचे वेगळे प्रोफाइल बनवता येते. गुगल टीव्हीवर तर रोज किती वेळ पाहायचे आणि किती वाजता बंद व्हायचे, हेही ठरवता येते. पिन घरातल्या मोठ्यांनी ठरवावा, आणि तो मुलाच्या जन्मवर्षाचा नसावा. खरेदीलाही पिन लावा, नाहीतर लहानगा रिमोटशी खेळता खेळता कशाची तरी वर्गणी भरून बसेल. फुकटच्या डब्यात या नियमांना कुणी विचारत नाही, आणि कुलूपही भरवशाचे नसते.

वडीलधाऱ्यांची सोयही पाहा. ज्यांना अक्षरे वाचणे जड जाते त्यांच्यासाठी माइक असलेला रिमोट घ्या. बटण दाबून हिंदीत "मक्का लाइव्ह" म्हटले की झाले.

घरचा ठेवा

अशा डब्याचा आणखी एक उपयोग बरेच जण विसरतात. लग्नाची कॅसेट, अब्बांच्या हजचे व्हिडिओ, गावाकडचे फोटो हे सगळे पेनड्राइव्हमध्ये भरून व्हीएलसी या मोफत ॲपमधून टीव्हीवर पाहता येते. एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असेल तर एफएटी३२ प्रकारच्या पेनड्राइव्हवर ती बसत नाही, तुकडे करावे लागतात. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर जेलीफिन हा मोफत प्रोग्राम टाका. मग सगळ्या खोल्यांत, वाय-फायवरून, इंटरनेट बंद असले तरी तो ठेवा पाहता येतो. कायदेशीर, मोफत आणि आपला स्वतःचा.

दुकानात जाताना

महात्मा गांधी रोडवर किंवा कुठेही घ्या, एवढे पाहून घ्या:

१. कंपनीचे नाव ओळखीचे आहे का? पक्के बिल आणि वॉरंटी मिळते का?
२. मागे बीआयएसची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का? तो 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो.
३. ॲप्स अधिकृत स्टोअरमधून येतात का? दुकानदार प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगत असेल तर डबा खाली ठेवून बाहेर पडा.
४. ड्युअल बँड वाय-फाय, २ जीबी रॅम आणि माइकचा रिमोट आहे का? घरचे व्हिडिओ पाहायचे असतील तर यूएसबीची जागाही हवी.

संशयास्पद डबा घरात आधीच असेल तर तो आजच काढून ठेवा. रिसेट करून भागेलच असे नाही, कारण घुसखोर बऱ्याचदा मूळ सॉफ्टवेअरमध्येच बसलेला असतो. मग वाय-फायचा पासवर्ड बदला, आणि त्या डब्यात टाकलेल्या प्रत्येक खात्याचा पासवर्ड फोनवरून बदला. पैसे गेल्याचे दिसले तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. तो डबा दुसऱ्या कुणाला विकू नका किंवा नातेवाइकांनाही देऊ नका. आपल्या घरातून काढलेली बला त्यांच्या घरात कशाला पाठवायची?

दोन-अडीच हजार रुपये जास्त जातील. ते एकदम जमत नसतील तर हा रमजान फोनवर किंवा लॅपटॉपवर काढा आणि पुढच्या ईदपर्यंत थोडे थोडे बाजूला टाका. डबा उशिरा आला तरी चालेल, तो भरवशाचा यावा.