काठिण्याच्या रकान्याला मर्यादा का नाही?

गेल्या हिवाळ्यात पालघरमध्ये शाळकरी मुलींच्या दोरीच्या मल्लखांबाची एक छोटी स्पर्धा झाली. मी तिथे पंच नव्हते, प्रशिक्षकही नव्हते. मी होते शीटवाली. ओळखीच्या एका काकांचा फोन आला, "तू कॉम्प्युटरवाली ना, गुणांची शीट करून दे. बेरीज चुकली की पालक अंगावर येतात." रविवारी सकाळी बोईसरला लोकल पकडली. उमरोळी गेलं, पालघर आलं, तोवर शीट तयार. तीन रकाने: काठिण्य, सफाई, सादरीकरण. शेवटी बेरीज. यात चुकण्यासारखं काय आहे?

चौदा वर्षांखालच्या गटात दोन मुली लक्षात राहिल्या. एक दहा वर्षांची, खारीसारखी सरसर वर गेली. एकामागून एक अवघड आसनं, मध्ये श्वास नाही. दोरी सारखी हेलकावत होती, दोनदा पकड सुटता सुटता राहिली, आणि शेवटी ती गादीवर धपकन आली. दुसरी तेरा वर्षांची. तिचा संच त्या मानाने सोपा. पण ती चढताना दोरी जागची हलली नाही. पायाच्या अंगठ्यात दोरी धरून, उलटी होऊन ती थांबली, तेव्हा मागे वडापाव खाणारे पालकसुद्धा गप्प झाले. निकाल लागला. दहावाली पहिली, तेरावाली चौथी. एक पंच माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, शीट बरोबर आहे ना?"

शीट बरोबर होती. मी तीनदा तपासली.

चूक बेरजेत नव्हती, रकान्यांत होती, आणि ती मला परतीच्या गाडीत दिसली. सफाईला जास्तीत जास्त तीन गुण. सादरीकरणाला जास्तीत जास्त दोन. काठिण्याला मात्र वरची मर्यादाच नाही. जितकी अवघड आसनं, तितके गुण. एका रकान्याला मर्यादा घातली आणि दुसरा मोकळा सोडला, की निकाल स्पर्धेच्या आधीच ठरतो. मग पंचांनी सादरीकरणात कितीही जीव ओतून गुण द्यावेत, ते दोनाच्या वर जात नाहीत. याला आपण 'समतोल' म्हणतो.

हेच भांडण मी कित्येक वर्षं मोबाइलवर बघते आहे, फक्त तिथे दोरीऐवजी बर्फ असतो. बोईसरमध्ये बर्फ म्हणजे गोळ्याचा, नाहीतर मासळीच्या पेटीतला. तरीही मला फिगर स्केटिंगचं वेड आहे, आणि विरारच्या पुढे गाडी थोडी रिकामी झाली की मी ज्युनियर मुलींचे कार्यक्रम बघत बसते. २००२ च्या सॉल्ट लेक ऑलिम्पिकमध्ये पंचांच्या साटेलोट्याचं प्रकरण झालं. त्यानंतर सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत गेली आणि तक्ता आला. प्रत्येक उडीची किंमत ठरलेली, आणि कलात्मक बाजूचे गुण वेगळे. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या फ्री स्केटमध्ये या कलात्मक गुणांची कमाल होती ८०. तांत्रिक गुणांना कमाल नव्हती. वरच्या दर्जाच्या सगळ्याच मुली त्या ऐंशीच्या आसपास दाटीवाटीने बसतात, त्यांच्यात फरक उरतो चार-पाच गुणांचा. आणि एका चार गिरक्यांच्या लुट्झ उडीचे ११.५, तीन गिरक्यांच्या लुट्झचे ५.९. तुम्ही प्रशिक्षक असता तर मुलीला काय शिकवलं असतं? मीही उडीच शिकवली असती.

अलेक्झांड्रा ट्रुसोव्हाने २०१८ च्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत, सोफियाला, एकाच कार्यक्रमात चार गिरक्यांच्या दोन उड्या मारल्या. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. बीजिंगला तिने अशा पाच मारल्या, फ्री स्केटमध्ये पहिली आली, एकूण दुसरी, आणि सगळ्या जगासमोर रडली. त्याच स्पर्धेत जपानची काओरी साकामोतो तिसरी आली. तिच्याकडे चार गिरक्यांची एकही उडी नव्हती आणि ट्रिपल ॲक्सेलही नव्हती. पुढे ती २०२२, २०२३, २०२४ अशी सलग तीनदा जगज्जेती झाली. पण ती बीजिंगला एकवीस वर्षांची बाई होती. ज्युनियर गटातल्या मुलीला इतकी वर्षं कोण देतं?

"काठिण्य खोटं बोलत नाही," असं पालक म्हणतात. ऑफिसमधले मित्रही म्हणतात, कारण आम्हा इंजिनियर लोकांना आकडा दिसला की तो खराच वाटतो. पण तो आकडा ठरवला कोणी? २०१८ पर्यंत चार गिरक्यांच्या लुट्झला १३.६ गुण होते, त्यानंतर ११.५ झाले. उडी तीच, बर्फ तोच. एका समितीचं मत बदललं, इतकंच. प्योंगचांगला २०१८ मध्ये पंधरा वर्षांच्या अलिना झागितोव्हाने फ्री स्केटमधल्या सगळ्या उड्या उत्तरार्धात ठेवल्या, कारण तिथे दहा टक्के बोनस होता. तिला आणि एव्हगेनिया मेदवेदेव्हाला फ्री स्केटमध्ये अगदी सारखे गुण पडले, १५६.६५. सुवर्ण झागितोव्हाला गेलं. तिने काहीही लबाडी केली नव्हती, नियम नीट वाचला होता. पुढच्या हंगामात बोनस फ्री स्केटमधल्या शेवटच्या तीन उड्यांपुरता उरला. म्हणजे काठिण्यही मतच आहे. फक्त ते दशांश चिन्ह लावून येतं.

आणि ज्युनियर मुलींच्या बाबतीत हे मत जास्त धोकादायक आहे, कारण तिथे काठिण्याचा मोठा भाग कौशल्य नसून वय असतं. अकरावीच्या फिजिक्समध्येच आहे: वस्तुमान अक्षाच्या जितकं जवळ, तितकं फिरणं सोपं. पाऊण सेकंदाहून कमी वेळ हवेत राहून चार गिरक्या मारायच्या तर अरुंद कंबर आणि छोटे खांदे ही मोठी मदत असते. दोरीवरही तेच. वजन कमी, हातपाय आखूड, म्हणजे पकडीवरचा भार कमी. मग ती मुलगी वाढते.

मी वाढले. आठवी ते नववी या एका वर्षात माझी उंची इतकी वाढली की आईने गणवेश दोनदा शिवला. बाबा एमआयडीसीत शिफ्ट करून यायचे आणि मला शेडवर सोडायचे. कैचीला बांधलेली दोरी तीच होती, पण जी आसनं मी झोपेत केली असती ती होईनात. मला कोणी सांगितलं नाही की शरीर बदललंय, आता नव्याने शिकावं लागेल, दोन वर्षं लागतील आणि ती लागू देत. मला सांगितलं गेलं, "वजन कमी कर." मी डबा परत आणायला लागले. दहावीचं कारण देऊन सोडलं. सगळ्यांना ते पटलं, कारण दहावी हे महाराष्ट्रात कशाचंही कारण असू शकतं.

म्हणून मी आता कलात्मकतेच्या बाजूने झेंडा घेऊन उभी राहीन असं तुम्हाला वाटत असेल. तर तसंही नाही. त्या दिवशी तेरा वर्षांच्या मुलीच्या कागदावर एका पंचांनी लिहिलं होतं: 'मॅच्युरिटी हवी.' तेराव्या वर्षी कसली मॅच्युरिटी? हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. २००८-०९ मध्ये 'लिटिल चॅम्प्स' बघताना घराघरांत 'वयाच्या मानाने किती समजून गाते' हे चाललेलं असायचं, आमच्याही घरात. मुलाने मोठ्या माणसाची नक्कल केली की आपण तिला समज म्हणतो. स्केटिंगमध्ये तेराव्या वर्षाच्या मुली विरहाच्या संगीतावर कपाळाला हात लावतात, तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं. तो विरह नृत्यदिग्दर्शकाचा असतो.

शिवाय 'नजाकत' हा शब्द मुलींच्याच वाट्याला का येतो? जिम्नॅस्टिक्सच्या फ्लोअर प्रकारात महिलांना संगीत असतं, पुरुषांना नसतं. पुरुष उडी मारतो, बाईने उडी मारून वर हसायचंही असतं. ट्रुसोव्हाचा राग मला समजतो. तिला अवघडच करायचं होतं, तिची तीच आवड होती. दीपा कर्माकरने रिओला प्रोदुनोव्हा व्हॉल्ट केला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकलं. अवघड करणारी बाई मला हवीच आहे. प्रश्न इतकाच की ती तेवीसपर्यंत खेळात टिकली पाहिजे.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने २०२२ मध्ये उपाय काढला: सीनियर गटाची किमान वयोमर्यादा पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरा. चांगलं केलं, पण अर्धं केलं. जपानची माओ शिमादा २०२३, २०२४, २०२५ अशी तीन वर्षं ज्युनियर जगज्जेती होती. तिच्याकडे अवघड उड्याही आहेत आणि स्केटिंगही देखणं आहे. ती केवळ जन्मतारखेमुळे २०२६ च्या ऑलिम्पिकला जाऊ शकली नाही. दार उशिरा उघडतं, पण आतला तक्ता तोच आहे. आणि ज्युनियर गटात, जिथे शरीर सगळ्यात जास्त बदलतं, तिथे उड्यांची शर्यत तशीच चालू.

माझं म्हणणं शीटच्या भाषेत मांडते. ज्युनियर मुलींत काठिण्याच्या रकान्याला मर्यादा घाला. प्रत्येकीची सगळ्यात अवघड सहा आसनं मोजा, सातव्याला शून्य. सफाईचं वजन काठिण्याइतकं करा. 'सादरीकरण' हा रकाना काढून टाका, त्याच्या जागी बघता येतील अशा गोष्टी लिहा: दोरी किती हलली, आसनात किती वेळ थांबली, एका आसनातून दुसऱ्यात जाताना धडपड झाली का, उतरणं ताब्यात होतं का. दोरीच्या मल्लखांबात दोरीला गाठ मारायची नसते. सगळं वजन पकडीवर आणि अढीवर. त्यामुळे दोरीच सांगते की मुलगी किती तयार आहे. त्यासाठी तिला बाई झाल्याचं नाटक करावं लागत नाही. आणि हे वाढलेल्या शरीरालाही करता येतं, किंबहुना जास्त चांगलं.

यावर एका प्रशिक्षकांनी मला विचारलं, "मग आमच्या पोरी राज्य पातळीवर मागे पडतील त्याचं काय?" पडतील. तिथला तक्ता बदलत नाही तोवर पडतील. २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवर झाली, २०२१ च्या अर्जुन पुरस्कारांत हिमानी परबचं नाव आलं. खेळ मोठा होतोय, आणि मोठ्या खेळाचे तक्ते लवकर घट्ट होतात. म्हणून मला घाई आहे.

यंदाच्या स्पर्धेसाठी काकांचा पुन्हा फोन आला. मी नवी शीट पाठवली आहे, सहा आसनांच्या मर्यादेची. सोबत गेल्या वर्षीचे गुण नव्या सूत्रात घालून पाहिले, तेही पाठवले: तेरावाली पहिली, दहावाली तिसरी. निळ्या टिका आल्या आहेत, उत्तर आलेलं नाही. तेरावाली आता चौदाची झाली. परवा बोईसर स्टेशनच्या पुलावर आईबरोबर दिसली, आईपेक्षा उंच. मी विचारलं, "सराव चालू आहे ना?" आईच म्हणाली, "बघू, आता नववी आहे."