मेंदू शिकायला एमबीबीएस कशाला?

धाराशिव जिल्ह्यातल्या हुशार मुलाचा रस्ता दहावीलाच ठरलेला असतो. अकरावीला लातूर, मग नीट. गुण कमी पडले की रिपीटर बॅच. 2024 साली देशभरात 23 लाखांवर मुलांनी नीट दिली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. उरलेली मुलं बीएस्सी, फार्मसी, इंजिनिअरिंग, बीएड अशी पांगतात. त्यांतलं कुणी तिशीच्या उंबरठ्यावर म्हणालं, "मला मेंदूवर काम करायचंय", की घरचे आणि मास्तर एका सुरात ऐकवतात: "मग तेव्हाच डॉक्टर व्हायचं होतंस." हे वाक्य इतकी वर्षं बिनविरोध कसं चाललं, याचंच नवल वाटतं.

त्या बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा आधी घेऊ. रुग्ण पाहिल्याशिवाय मेंदू कळत नाही, आणि रुग्ण असतो डॉक्टरच्या हाती. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसऱ्याला उत्तर आहे ब्रेंडा मिल्नर. केंब्रिजला गणित शिकायला गेलेल्या या बाई मानसशास्त्राकडे वळल्या. 1953 मध्ये अमेरिकेत एका तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूचा काही भाग काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण नवी आठवण टिकेनाशी झाली. शस्त्रक्रिया सर्जनची, त्या माणसासमोर बसून चाचण्या घेतल्या मिल्नरबाईंनी. आरशात बघत चांदणी गिरवायची. त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला, आणि हे आपण आधी कधी केलंय हे मात्र त्याला दर वेळी नवंच वाटायचं. म्हणजे हाताची शिकवण आणि प्रसंगाची आठवण मेंदूत वेगवेगळ्या जागी राहतात. स्मृतीच्या अभ्यासाला कलाटणी देणारं हे काम करणाऱ्या बाईंकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती.

आता आपल्याच मातीतला प्रश्न. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारी-सास्तूरचा पट्टा कोसळला. अशी एका रात्रीची भीती मेंदूत मुक्काम कसा करते? बेंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर याच जातीचा प्रश्न लावून धरला. ताण दहा दिवस रोज दिला की स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडतात, भीतीचं केंद्र असलेल्या ॲमिग्डालातल्या मात्र फोफावतात. त्याहून चकित करणारी गोष्ट पुढची. ताण एकदाच, दोनच तास दिला, तर दुसऱ्या दिवशी ॲमिग्डालात काही दिसत नाही. दहा दिवसांनी तिथे नव्या जोडण्या उगवलेल्या असतात. धक्का आज आणि परिणाम नंतर, हे कोडं त्यामुळे पेशीच्या पातळीवर पाहता आलं. आणि चटर्जी मूळचे कुठले? आयआयटी कानपूरच्या भौतिकशास्त्राचे.

"वय गेलं" हा आक्षेप मी फार वेळ ऐकून घेणार नाही. डीएनएच्या रचनेसाठी ओळखले जाणारे फ्रान्सिस क्रिक साठीला टेकल्यावर मेंदूकडे वळले. रॉजर स्पेरी यांची पहिली पदवी इंग्रजी साहित्याची, नोबेल 1981 चं. ही माणसं असामान्य होती, कबूल. पण दार त्यांच्या असामान्यपणासाठी खास उघडलं नव्हतं. टीआयएफआर आणि एनसीबीएसच्या जीवशास्त्रातल्या पीएचडीची प्रवेशपरीक्षा, जेजीईईबीआयएलएस, भौतिकशास्त्राच्या किंवा इंजिनिअरिंगच्या मुलालाही देता येते. मानेसरची एनबीआरसी ही मेंदू-संशोधन संस्था आहे, पुण्याचं आयसर आहे. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये. तिला वयाची अट असते, ती मात्र आधी बघून घ्यावी. पीएचडीची पाच-सहा वर्षं, पुढच्या नोकरीची खात्री नाही. डोक्यावर कर्ज असलेल्या घराने हा हिशेब करूनच पाऊल टाकावं.

एक हद्द मला मान्य आहे, नव्हे, ती राखलीच पाहिजे. मेंदूचा अभ्यासक औषध लिहून देत नाही. बोटांचे ठसे घेऊन पोराचा "उजवा मेंदू" ओळखणारे, डोळे बांधून वाचायला लावणारे "मिडब्रेन" क्लासवाले हेही एमबीबीएस नसतात, आणि आपल्याकडे गल्ला त्यांचाच भरतो. उजव्या-डाव्या मेंदूचं त्यांचं पालुपद दुभंगलेल्या मेंदूवरच्या स्पेरींच्याच प्रयोगांची मोडतोड करून उचललेलं आहे. पण थोतांडाला आळा बसतो तो पुराव्याने. पदवीच्या पाटीने बसतो असं नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. कळंब-परंड्याच्या बीएस्सीच्या वर्गात जेजीईईबीआयएलएस हे नाव किती मास्तर घेतात? धाराशिवला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. तिघांनी मिळून एक काम हाती घ्यावं: भूकंपाच्या वेळी दहा वर्षांची असलेली मुलं आज चाळिशीत आहेत, त्यांची झोप, स्मृती आणि भीती कशी आहे? त्यासाठी निदान करणारा एक मनोविकारतज्ज्ञ लागेल. त्याच्यासोबत चाचण्या घेणारे, ईईजी यंत्र सांभाळणारे, आकडेवारी लावणारे आणि लोहारा-उमरग्याची बोली समजणारे पाच-सहा जण लागतील, आणि ते नीटमध्ये मागे राहिलेले असले तरी चालतील.